वैशालीची प्रायव्हसी

प्रिय वैशाली,

माझ्या मास्तरीणबाई, ऐकायलीस का?

परवा तुझं वर्षश्राद्ध. मांडवाचे बांबू दारात येऊन पडलेत. कीर्तनाच्या बुवांना सांगून झालं. आचारी येऊन तुरीच्या डाळीचा अंदाज घेऊन गेला. घरात ज्याला त्याला काम आहे, मलाच नाही. म्हातारीला कोण काम सांगतंय? उठले की "आई, तू बस." बसले की "आई, जरा तिकडं सरक." मग तुझ्याशीच बोलावं म्हणलं. काल तुझ्यावरून या घरात भांडण झालं. ते तुला दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

मला लिहिता येत नाही, हे तुला काय सांगायचं! लिहायली तुझी अनुजा. लातूरच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आली आहे. तिला आधीच बजावलं, "हे माझं नि तुझ्या आईचं बोलणं हाय. तू लिही, पण वाचू नको." तर म्हणती, "आजी, न वाचता लिहायचं कसं?" म्हणलं, "तुझी आई मला शाळेतल्या गोष्टी सांगायची तवा मी न ऐकता हूं हूं म्हणायचे, तसं."

आणि मी 'हाय' म्हणलं की ही 'आहे' लिहिती. टोकलं तर म्हणती, "आईनं लाल पेन मारला असता." बघ! तू गेलीस तरी तुझ्या लाल पेनाला घर भ्यायलंय.

तू नांदेडची. तुमच्या घरात खोल्या तीन, आणि तिन्ही खोल्यांना आतून कडी. देवणीकडच्या आमच्या गावात घराला दारं पुष्कळ, पण कड्या सगळ्या बाहेरून. माणसं शेतात गेली की कुत्रं शिरू नये, एवढंच त्यांचं काम. आत माणूस असताना दार लावून घ्यायचं, हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लग्नाची हळद निघायच्या आत तू माझ्या दत्ताला म्हणलीस, मधल्या खोलीला आतून कडी बसवा. सुतार आला. सुतार आला म्हणल्यावर शेजारची सोजरबाई आली. तिला कुणी बोलवावं लागत नाही.

"काय करायलेत गं?"

"सुनंला कडी पाहिजे. आतून."

"आतून? मग चोर काय माळवदातून पडणार हाय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले, उगं कशाला नाही म्हणू? तुझ्या तोंडावरच विचारलं, "मास्तरीणबाई, ह्या कडीला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतेत?"

तू चिडली नाहीस. पदर खोचून म्हणलीस, "कडीला लॅच म्हणतात, आत्याबाई. पण कडी ज्याच्यासाठी पाहिजे, त्याला प्रायव्हसी म्हणतात."

"म्हंजी काय?"

आणि तिथं तू अडकलीस! एवढी बी.एड. झालेली, उदगीरच्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवणारी! 'एकांत' म्हणलीस, मग स्वतःच मान हलवलीस. 'खाजगी' म्हणलीस, तेही तुला पटलं नाही. मी म्हणलं, "ज्याला मराठीत नाव न्हाई, ते आपल्याला लागतंच कशाला?" तू म्हणलीस, "लागतं आत्याबाई. नाव नसतं म्हणून मागता येत नाही, एवढंच."

तेव्हा मला ते बोलणं पुस्तकी वाटलं. आज नाही वाटत.

मग मी त्या शब्दाची जी माती केली! खुडूक कोंबडी डालग्याखाली बसली की म्हणायचे, "हिला प्रायव्हसी लागली." दत्ताचे वडील होते तेव्हा, ते पेपर तोंडापुढं धरून बसले की म्हणायचे, "मामांची प्रायव्हसी चालू हाय, चहा नंतर." तू भाकऱ्या थापता थापता म्हणायचीस, "चूक. चूक. हे पण चूक." तुझ्या पहिल्या येळवशीला, वेळ अमावस्येला, शेतात पन्नास माणूस जेवायला आलेलं, ओळखीचं अन् बिनओळखीचं, कुणीही कुणाच्या शेतात जाऊन भज्जी-आंबील खाणार, तीच तर रीत. तू कडब्याच्या खोपीमागं जाऊन एकटीच उभी. मी तिथं येऊन विचारलं, "काय गं, इथं कडी बसवू का?" आपण दोघी खोपीमागं हसत बसलो, आणि तिकडं आंबील संपली.

एकदाच मला मार्क मिळाले. आपली देवणी गाय व्यायला झाली होती. सारखी फिरायची, कोपऱ्यात जायची, माणूस दिसला की थांबायची. मी गोठ्याच्या तोंडाला बारदान बांधलं आणि सगळ्यांना हाकललं. तुला म्हणलं, "हिला कुणी बघू नये वाटायलंय. हीच का तुझी ती?" तुझा चेहरा असा खुलला! "आत्याबाई, दहापैकी सहा!" म्हणलं, राहिलेले चार? म्हणलीस, "ते पुढच्या परीक्षेला."

परीक्षा असली येईल, हे कुणाला माहीत होतं गं?

तुझी बिमारी आली. लातूरच्या दवाखान्यात सुया सुरू झाल्या आणि तुझे केस उशीवर राहायला लागले. तू डोक्याला ओढणी बांधायला लागलीस.

आपल्याकडं बिमार माणसाला भेटायला गेलंच पाहिजे. नाही गेलं तर तो अपमान. बिस्किटाचा पुडा न्यायचा, बाजेवर बसायचं, तोंडावरून हात फिरवायचा, "काय होतीस अन् काय झालीस गं माय" म्हणून पदर डोळ्याला लावायचा. आणि मग त्याच बिमारीनं कोण कोण गेलं ते एकेक करून सांगायचं. मी जन्मभर हेच करत आले. किती जणांची उरलेली हिंमत मी बिस्किटाच्या पुड्याबरोबर संपवून आले असंल, त्यांनाच ठाऊक!

तुझ्याकडं पण आल्या. खोलीभर बाया, मी चहा घेऊन त्यांच्या पाठीमागं, दारात. सोजरबाई अगदी उशाशी. तिची माया खरी, पण माया दाटून आली की तिचा हात थांबत नाही. "बघू तरी लेकरा, किती गेलेत," म्हणली आणि ओढणी मागं सरकवली.

तू ओढणी वर घेतलीस आणि भिंतीकडं तोंड केलंस.

संध्याकाळी मी दूध घेऊन आले तर भिंतीकडं बघतच म्हणलीस, "आत्याबाई, मला असं कुणी बघू नये वाटतंय."

इंग्रजी शब्द काढला नाहीस. पण मला तोच ऐकू आला. राहिलेल्या चार मार्कांचं तेव्हा मला कळालं. गायीला आडोसा करतो तो नजर लागंल म्हणून. ती भीती आपली असती. इथं नजरेचा काही संबंधच नव्हता. तुझं डोकं, तुझं तोंड, तुझं दुखणं. ते कुणाला दाखवायचं, ते तू ठरवायचं. एवढंच! एवढ्याशा गोष्टीला आमच्या घरात सुतार बोलवावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन दारातच बसले. तुरी पाखडायला दारासारखी जागा नाही, असं ज्याला त्याला सांगितलं. सोजरबाई केळी घेऊन आली.

"आज भेटता यायचं न्हाई."

"का गं? काय झालं?"

काय सांगावं? तोंडातून निघून गेलं, "तिला प्रायव्हसी हाय."

सोजरबाईनं कपाळावर हात मारला. "अगं माय! आता हे बी झालं का? डॉक्टर काय म्हणले?"

"माणसं लांब राहिली की कमी होती म्हणले."

"दुसऱ्याला लागती का?"

"हाव. लई लागती."

बिचारी केळी उंबऱ्यावर ठेवून, हात झटकत गेली. आणि आतून तुझं हसू आलं! खोकला येईपर्यंत हसलीस. मी आत धावले तर डोळे पुसत म्हणलीस, "आत्याबाई, 'हाय' नाही, 'पाहिजे'. प्रायव्हसी पाहिजे असते. ती होत नसते." मरणाच्या बाजेवर पण लाल पेन!

तसं हसणं पुन्हा ऐकलं नाही मी. माहीत असतं तर अजून चार शब्द चुकवले असते गं.

त्या दारात बसण्याचं मला काय मिळालं, ते तुला कधी कळू दिलं नाही. आता सांगते. तुझी नांदेडची मावशी आली होती. तू नको म्हणलीस, म्हणून मी तिलाही दारातूनच चहा पाजून लावून दिलं. तिला तरी आत घ्यायचं होतंस, वैशाली! ती बस स्टँडपर्यंत बोलत गेली, "सासूनं पोरीला कोंडून ठेवलंय." बस स्टँडवरून ते उदगीरच्या बाजारात गेलं, बाजारातून माघारी माझ्याच दारात आलं. गावाला सासूची गोष्ट लागतीच, त्याशिवाय भाकरी पचत नाही. मी तुरी पाखडत राहिले.

एका गोष्टीचा मात्र मला राग आला होता. तू ओढणी माझ्यापुढं पण कधी काढली नाहीस. मी तुझे पाय दाबले, तुला भरवलं, अंग पुसलं. डोकं मात्र तू दत्तालाच दाखवलंस. मनात यायचं, म्हणजे मी पण सोजरबाईच का? विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काढली असतीस, माझ्यासाठी. म्हणूनच विचारलं नाही.

आता कालचं ऐक.

माझा पुतण्या माधव. तू त्याला ओळखतेस, हौसेला सीमा नाही. परवाच्या कीर्तनाआधी मांडवात मोठा पडदा लावायचा आणि तुझे फोटो चालवायचे, असं त्यानं ठरवलं. फोटो जोडून, गाणं लावून सगळं तयार करून काल दुपारी ओसरीवर दाखवायला बसला. मी, दत्ता, अनुजा. पहिलं छान होतं. लग्नातली तू, शाळेच्या गॅदरिंगमधली तू, बारशातली अनुजा. मग गाणं बदललं. रडकं आलं. आणि दवाखान्यातले फोटो सुरू झाले. नाकात नळी, डोक्यावर ओढणी नाही. दत्तानं त्याच्या मोबाईलमध्ये काढलेले.

अनुजा उठून आत गेली. मी डोळे मिटले.

"काकू, हितं सगळा मांडव रडणार बघा," माधव म्हणला.

"रडवायला बुवा हायेत. ते फोटो काढ."

"काढू? काकू, तेच तर मेन हाय!"

मी दत्ताकडं बघितलं. वाटलं, हा तरी बोलंल. तर तो खाली बघून म्हणतो, "राहू दे आई. गाव अजून म्हणतंय, सासूनं कोंडून ठेवली. बघू दे सगळ्यांना, तिनं किती सोसलं. तू दारात का बसली होतीस ते पण कळंल."

वैशाली, घास तोंडाशी आला होता. एका फोटोत माझं नाव धुऊन निघणार होतं. सोजरबाई, मावशी, अख्खा बाजार, सगळ्यांची तोंडं बंद. एवढी मोठी मी नाही की मला ते नको होतं. हवं होतं.

तरी म्हणलं, "न्हाई. तिला कुणी बघू नये वाटत होतं. तिला प्रायव्हसी पाहिजे." 'पाहिजे' म्हणलं बरं का, नीट.

माधव बिचारा वाईट नाही. हळूच म्हणला, "काकू, वहिनी आता न्हाईत. गेलेल्या माणसाला कसली प्रायव्हसी?"

मी अडकले. शब्द तुझा, परीक्षा माझी, आणि विचारायला तू नाहीस. अनुजाला हाक मारली. "तुझ्या मोबाईलात शब्दाचा अर्थ निघतो ना? काढ." तिनं काढला. दुसऱ्यांनी न बघण्याची, न छेडण्याची स्थिती, असं काहीतरी वाचलं.

"त्यात जित्या माणसाची, असं लिवलंय का?"

"नाही, आजी."

"मेलेल्याची, असं तरी कुठं लिवलंय, काकू?" माधव म्हणला. ते पण खरंच. मोबाईल दोघांच्याही बाजूनं बोलंना.

मग मला तुझी शेवटची आंघोळ आठवली.

"माधव," म्हणलं, "बाई गेल्यावर तिला अंगणात न्हाऊ घालतेत. तवा चौघी जणी लुगडं आडवं का धरतेत रे? ती तर मेलेली असती. तिला थोडंच कळतंय कोण बघतंय? अन् धरणाऱ्या तिच्याकडं पाठ का करतेत? हे मला कुण्या मास्तरणीनं शिकवलेलं न्हाई. माझ्या आजीच्या आजीपासून धरायलेत."

गाणं अजून चालू होतं, ते माधवनं बंद केलं.

त्या लुगड्याचं एक टोक माझ्या हातात होतं, वैशाली. सवाष्ण म्हणून तुझा मळवट भरला, हिरवी साडी नेसवली. वेणी घालायला केस नव्हते. मी पाठ करून उभी होते, त्यामुळं काय झालं ते मला वळल्यावर दिसलं. सोजरबाईनं तुझा पदर डोक्यावरून घट्ट आवळून घेतला आणि गजरा पदरातच टाचला, कुणाला काही कळू नये असा. त्या बाईनं आजतागायत कुणाजवळ त्यातलं अवाक्षर काढलं नाही. तिची केळी मी उगंच उंबऱ्यावर ठेवून घेतली, असं कधी कधी वाटतं.

दत्ता उठून गोठ्यात गेला. मी मागून गेले. गायीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, पोरगं असताना उभा राहायचा तसा. म्हणला, "आई, ते फोटो मी सारखे बघतो. दुसरे बघवत न्हाईत. त्या हसऱ्या फोटोतली मला वळखूच येत न्हाई."

माझ्याच लेकराला मी बघू नको म्हणू का? म्हणलं, "तू बघ. तुला तिनं दाखवलं होतं, ते तुझंच हाय. गावाला दाखवलं नव्हतं."

तो लई वेळ रडला. मग ओसरीवर जाऊन माधवला म्हणला, "ते काढ." माधव म्हणला, "मग शेवटाला काय लावू?" दत्ता म्हणला, "काही नको लावू. शेवट सगळ्यांना माहीत हाय."

हे लिहून घेताना मला शंका आली. अनुजाला विचारलं, "अगं, हे सगळं सांगून मीच तिची ओढणी सरकवायले का?" ती म्हणती, "आजी, हे आईला लिहिलंय. आईचं आईलाच सांगितलं तर काय होतं?" पोरगी तुझीच आहे. लिहून झालं की घडी घालून तुझ्या फोटोमागं ठेवते म्हणली आहे. ठेवू दे.

तिची फिकीर करू नकोस असं म्हणणार नाही, तू करणारच. पोर बोलत नाही. काल आत गेली ती तासाभरानं बाहेर आली, डोळे लाल. मी विचारलं नाही. कांदा चिरायला दिला, म्हणजे घरात डोळे लाल असायला कारण झालं. बरोबर केलं ना?

आता राहिलं एक. त्याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

माधवनं फोटो दाखवले तेव्हा मी डोळे मिटले, असं वर सांगितलं. मिटले, पण जरा उशिरा मिटले गं. जे तू मला एवढे दिवस दाखवलं नव्हतंस, ते मी बघितलं. मुद्दाम नाही, पण बघितलं. रात्रंदिवस तुझ्याजवळ राहून जे राखलं, ते ओसरीवर बसल्या बसल्या गेलं.

तू कशी दिसत होतीस, ते मी कुणाला सांगणार नाही. अनुजालाही नाही. ती पेन उचलून वाट बघायली आहे. बघू दे.

परवा मांडवात बाया विचारतील, शेवटाला पोर कशी दिसत होती हो? मी म्हणेन, म्हातारीला कुठं दिसतंय! कोंडून ठेवली होती म्हणतील, म्हणू देत. मी तुरीची डाळ वाढायला लावीन. आणि कधी तुझी माझी भेट झाली, तर सगळ्यांत आधी एवढंच विचारीन, "मी बघितलं, ते चाललं का गं तुला?" तू काय म्हणशील ते म्हण. तोवर ते माझ्याजवळ राहील, आणि माझ्याबरोबरच जाईल. हा माझा शब्द.

तुझी,
आत्याबाई